नुसतं 'आय लव्ह यू' म्हणून राक्षस हरतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या अकरा वर्षांच्या लेकीने 'अ रिंकल इन टाइम' तीन दिवसांत संपवलं आणि शेवटावर जाम वैतागली. एवढे ग्रह पालथे घालायचे आणि शेवटी नुसतं 'आय लव्ह यू' म्हटलं की राक्षस हरतो, ही चीटिंग आहे असं तिचं म्हणणं, आणि तिला काय उत्तर देऊ असं तुम्ही विचारलंय. मी गेली बावीस वर्षं मुलांचा वाचनकट्टा चालवते, हे पुस्तक कितीतरी बॅचेसबरोबर वाचलंय, आणि जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हेच विचारतं. ज्या पोराला हा प्रश्न पडतो ना, ते पोर नीट वाचतंय, त्यामुळे आधी तिला शाबासकी द्या.

आणि मग तिला शेवटचं प्रकरण परत उघडायला सांगा आणि विचारा की राक्षस हरतो कुठे? खरंच दाखव म्हणावं. 'इट', म्हणजे तो राक्षस, जिथे होतं तिथेच राहतं. त्याचा कॅमाझॉट्स ग्रह तसाच राहतो, तिथली माणसं तशीच एका तालात चालत राहतात. गोष्टीची नायिका मेग तिथून काय घेऊन येते, तर एक पाच वर्षांचा मुलगा, तिचा भाऊ. बस्स. बऱ्याच मोठ्या माणसांच्याही हे लक्षात येत नाही, 'प्रेमाने वाईटावर मात केली' असं एक वाक्य डोक्यात ठेवून ते पुस्तक मिटतात, आणि त्या वाक्याने पुस्तक आहे त्यापेक्षा खूप गुळचट होऊन जातं.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगते. मॅडेलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेचं हे पुस्तक १९६२ साली आलं, त्याआधी पंचवीसएक प्रकाशकांनी नाकारलं होतं, आणि १९६३ मध्ये त्यालाच न्यूबेरी मेडल मिळालं, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. मेग मरी ही चष्मा, दातांना तारा, वर्गात भांडणं आणि मार्कांची बोंब अशी मुलगी. वडील शास्त्रज्ञ, सरकारी कामावर गेले ते गायबच झालेत. धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस, वय पाच, अफाट हुशार, पण गावात लोक त्याला मंद समजतात. केल्विन नावाचा शाळेतला मुलगा त्यांना येऊन मिळतो, आणि तीन विचित्र बायका, मिसेस व्हॉट्सिट, मिसेस हू आणि मिसेस विच, या तिघांना अवकाशाला घडी घालून वडिलांना शोधायला घेऊन जातात. वडील अडकलेत कॅमाझॉट्सवर, आणि तिथे राज्य चालतं 'इट'चं. ते आहे काय, तर शरीर नसलेला एक मेंदू, चौथऱ्यावर ठेवलेला, धडधडणारा. (आमच्याकडे पहिल्यांदा वाचताना निम्मी मुलं त्याला 'आयटी' म्हणतात, कारण इंग्रजीत दोन्ही अक्षरं कॅपिटल छापलीत. मराठीत मी 'ते' म्हणते, तेही एक वेगळाच काटा आणतं अंगावर.)

आता कॅमाझॉट्सचं पहिलं दृश्य. सगळी घरं एकसारखी, प्रत्येक घरासमोर एक मूल, मुली दोरीवरच्या उड्या मारतायत आणि मुलगे चेंडू आपटतायत, आणि सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी जमिनीला लागतात, सगळ्या दोऱ्या एकाच क्षणी वर जातात. मग सगळी दारं एकदम उघडतात, सगळ्या आया एकदम बाहेर येतात, टाळी वाजवतात, मुलं आत. फक्त एका मुलाचा ताल चुकतो, त्याचा चेंडू भलतीकडे जातो आणि त्याची आई धावत येऊन त्याला ओढून आत नेते. ही तिघं तो चेंडू उचलून परत द्यायला जातात तर ती बाई घाबरून पांढरी पडते, आमची मुलं चेंडू कधी पाडत नाहीत म्हणते. पुढे तोच मुलगा एका कोठडीत दिसतो, चेंडू तालात आपटायचा सराव करताना, आणि प्रत्येक वेळी चेंडू जमिनीला लागला की तो वेदनेने कळवळतो.

आम्ही एकदा हे करून बघितलं. हॉलमध्ये पंधरा मुलं, पंधरा चेंडू, मी टाळी वाजवायची आणि त्यांनी आपटायचा. पहिला मिनिटभर नुसता दंगा, मग हळूहळू ताल जमला आणि खरं सांगते, मस्त वाटायला लागलं, एक प्रकारची धुंदी येते त्यात. आणि मग एका मुलीचा चेंडू तिच्या पायावर आपटून बाजूला गेला. मी काहीच सांगितलेलं नव्हतं तरी बाकीची चौदाही मुलं तिच्याकडे बघायला लागली, आणि ती मुलगी म्हणाली, सॉरी. कुणाला सॉरी आणि कशासाठी? त्या दिवशी पुढे आम्ही पुस्तक वाचलंच नाही, त्या सॉरीवरच तासभर बोलत बसलो.

तर दुष्टपणा या पुस्तकात असा दिसतो. शिंगं नाहीत की सुळे नाहीत. लाल डोळ्यांचा तो माणूस, जो 'इट'च्या वतीने बोलतो, तो मुलांना धमकी द्यायच्या आधी ऑफर देतो की तुमचं दुःख, तुमची जबाबदारी, विचार करण्याचं आणि निर्णय घेण्याचं ओझं सगळं माझ्यावर टाका आणि निवांत व्हा. पुस्तक शीतयुद्धाच्या काळातलं आहे त्यामुळे बरेच जण म्हणतात की कॅमाझॉट्स म्हणजे रशिया, विषय संपला. मला ते अर्धवट वाटतं. त्याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या, सतरा हजारांहून जास्त घरं, साच्यातून काढल्यासारखी. आणि २०१५ साली लेखिकेच्या नातीला हस्तलिखितातला एक गाळलेला भाग सापडला, त्यात मेग आणि तिचे वडील याच विषयावर बोलतायत, की एखादी जागा कॅमाझॉट्स होते ती दरवेळी हुकूमशहामुळेच होते असं नाही, सुरक्षिततेचा अति हव्यास धरला तरी माणसं तिथेच पोचतात. तो भाग पुस्तकात नाही याची मला हळहळ वाटते खरं तर, कारण ती चेंडूवाल्या मुलाची आई त्या एका मुद्द्याने पूर्ण उलगडते. तिचं मुलावर प्रेम नाही का? आहेच असणार. पण त्या प्रेमाची सगळी भीती होऊन बसलीय, त्याने दुसऱ्यांसारखं असावं एवढीच तिची इच्छा उरलीय. आम्ही पालक लोक हे वाचताना जरा गप्पच होतो.

आता मूळ मुद्द्यावर येते, आणि इथे मराठीची गंमत आहे. चार्ल्स वॉलेस हुशारीच्या घमेंडीत 'इट'च्या ताब्यात जातो आणि तिघांना 'इट'समोर घेऊन येतो. तो ताल मेगच्या छातीत शिरायला लागतो, तिचा श्वास आणि तिच्या हृदयाचे ठोके त्या तालावर चालायला लागतात, आणि ती वाचण्यासाठी काय काय म्हणून बघते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं, सगळी माणसं समान जन्माला येतात, ते वाक्य ती ओरडून म्हणते. त्यावर उत्तर येतं की मग तेच तर आहे आमच्याकडे, इथे सगळे अगदी सारखे आहेत. आणि तेव्हा मेगच्या डोक्यात लख्ख पडतं की सारखं असणं आणि समान असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मराठीत मुलांना समजावताना मी आधी अडखळायचे, कारण आपल्याकडे 'सारखं' हा शब्द दोन्हीकडे चालतो. दोन जुळ्या बहिणी सारख्या दिसतात, तिथेही सारख्या, आणि आई म्हणते 'मला दोन्ही लेकरं सारखीच', तिथेही सारखीच. मग एका बॅचला मी हेच विचारलं की आई जेव्हा म्हणते दोघं मला सारखीच, तेव्हा ती तुम्हाला ओळखू येत नाही म्हणते का? दोघांना एकच भाजी आवडते म्हणते का? सगळी हसली. एक मुलगा म्हणाला, उलट मावशी, माझी आई दोघांसाठी दोन वेगळ्या भाज्या करते आणि मग म्हणते तुम्ही दोघं मला सारखीच. ताई, त्या पोराने पुस्तकाची किल्ली माझ्या हातात दिली हो. 'इट'ला 'सारखं'चा एकच अर्थ कळतो, आईला दुसरा कळतो. दोघांना समान धरायचं पण एकसारखं करायचं नाही, हे प्रेमाला जमतं आणि 'इट'ला जमत नाही.

म्हणूनच या पुस्तकात प्रेम आणि वेगळेपण हे दोन मुद्दे नाहीयेत, एकच आहे. प्रेम करायला समोर कुणीतरी असावं लागतं ना, कुणीतरी ठराविक. 'इट' सगळ्यांना एकच करून टाकतं, म्हणजे मग प्रेम करायला कुणी उरतच नाही. कॅमाझॉट्सवर प्रेमाला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नाहीये, पण त्याला धरायला जागाच ठेवलेली नाही.

आता ते शेवटचं प्रकरण. वडील सापडलेत, त्यांनी मेग आणि केल्विनला कसंबसं तिथून बाहेर काढलंय पण चार्ल्स वॉलेस मागेच राहिलाय, आणि मेग वडिलांवर भयंकर चिडलीय कारण तिला वाटत होतं की बाबा मिळाले की सगळं ठीक होईल. (हा राग लेखिकेने इतका खरा लिहिलाय, लहानपणी आईबाबा सर्वशक्तिमान नाहीत हे ज्या दिवशी कळतं तो दिवस सगळ्यांना आठवत असतो.) परत जायला हवं आणि जाऊ शकेल ती मेगच, कारण वडील गेले तेव्हा चार्ल्स तान्हा होता, केल्विन त्याला नुकताच भेटलाय, त्याला ओळखते ती एकटी मेग. लक्षात घ्या, निवडीचा निकष ताकद नाही, हुशारी नाही, ओळख आहे. जाताना मिसेस व्हॉट्सिट तिला आपलं प्रेम देते आणि मिसेस विच सांगते की तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे 'इट'कडे नाही, पण ते काय ते तुझं तुला शोधावं लागेल.

मेग तिथे पोचते आणि पहिली चूक करते ती द्वेषाची. तिला वाटतं राग हेच आपलं हत्यार, याआधी रागाने तिला वाचवलेलंही असतं, मिसेस व्हॉट्सिटने पहिल्या खेपेला तिला तिचे दोषच भेट म्हणून दिले होते, हट्टीपणा, चिडकेपणा, उतावीळपणा. पण राग द्वेषापर्यंत गेला की ती 'इट'मध्ये विरघळायला लागते, कारण द्वेष 'इट'कडे भरपूर आहे, त्यात ते तिचं ऐकणार थोडंच. आणि मग 'इट'कडूनच चूक होते. चार्ल्सच्या तोंडून ते म्हणतं की मिसेस व्हॉट्सिट तुझा द्वेष करते. मेग काही विचार न करता म्हणून जाते, छे, तिचं प्रेम आहे माझ्यावर. आणि बोलता बोलताच तिला कळतं की सापडलं.

तुमच्या लेकीला इथे थांबवा आणि पुढच्या ओळी हळू वाचायला सांगा, कारण इथेच ती घाईत पुढे गेली असणार. मेगच्या मनात येतं की 'इट'वरच प्रेम केलं तर? कदाचित त्याने ते सुकून मरेलही. आणि ती कबूल करते की मला ते जमणार नाही. लेखिकेने तिला संत केलेलं नाही, आणि माझ्या मते हा पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद आहे. राक्षसावर प्रेम करणं तिला जमत नाही, पण समोर उभ्या असलेल्या, तोंड उघडं पडलेल्या, डोळे गरगर फिरणाऱ्या या एका पोरावर जमतं, आणि ती तेवढंच करते, उभी राहून, रडत, त्याचं नाव घेत. हळूहळू त्याचं तोंड मिटतं, डोळे थांबतात, कपाळावरची ती शीर उडायची थांबते आणि तो धावत येऊन तिला बिलगतो.

यावर आमच्या कट्ट्यावर एका मुलीला पसायदान आठवलं होतं, की त्यातही दुष्टांना मारून टाक असं मागितलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा जाऊ दे असं मागितलंय. चार्ल्सचंही तेच होतं, तो शाबूत राहतो आणि वाकडेपणा गळून पडतो. मी गप्प बसून ऐकलं, मला सुचलं नसतं.

राहिला चीटिंगचा आरोप. चीटिंग कधी म्हणायची, तर शेवटी एकदम खिशातून नवीन काहीतरी काढलं तर. म्हणून तिला पहिलं प्रकरण दाखवा. वादळी रात्र आहे, मेगला माळ्यावरच्या खोलीत झोप येत नाहीये, ती भीतभीत खाली स्वयंपाकघरात येते, तर चार्ल्स वॉलेस आधीच तिथे बसलेला असतो आणि त्याने गॅसवर दूध तापत ठेवलेलं असतं, कारण त्याला माहीत होतं ही येणार. आणि मेगच्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं असतं, का, तर त्या दिवशी एक मोठा मुलगा तिच्या भावाला मंद म्हणाला म्हणून ती त्याच्याशी मारामारी करून आलीय. म्हणजे बघा, शेवटच्या प्रकरणात जे वापरलं जातं ते पहिल्या प्रकरणात गॅसवर तापत होतं. 'आय लव्ह यू' हे तीन शब्द नुसते 'इट'समोर म्हणून काहीही झालं नसतं, त्यांच्यामागे ते दूध आहे आणि ती मारामारी आहे.

तरीही तिला शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला असेल तर तिचं चुकलं नाही, मलाही वाटतो. कॅमाझॉट्सवर जाईपर्यंत लेखिका निवांत चालते आणि सुटका मात्र थोडक्या पानांत होते. एखाद्या पुस्तकावर जीव असला तरी त्यातलं खटकलेलं सांगता येतं, हेही तिला कळू दे.

या पुस्तकावर अमेरिकेत आक्षेपही भरपूर आले, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९९० ते १९९९ या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ते होतं. अंधाराशी लढलेल्यांच्या नावांत येशूच्या जोडीला बुद्ध, गांधी, आइन्स्टाइन, शेक्सपिअर अशी नावं एका ओळीत येतात, ते काही लोकांना रुचलं नाही. मला ती यादी आवडते, त्यातला कुणीच दुसऱ्या कुणासारखा नाहीये. आणि त्याच पुस्तकात मिसेस व्हॉट्सिट आयुष्याला सॉनेटची उपमा देते, तेच चौदा ओळींचं, जे केशवसुतांनी मराठीत आणलं आणि आपण सुनीत म्हणतो. साचा ठरलेला, ओळी ठरलेल्या, पण आत काय लिहायचं ते ज्याचं त्याचं. मुलं विचारतात ना, मग शाळेत युनिफॉर्म म्हणजे पण कॅमाझॉट्सच का, तेव्हा मी हे वापरते. युनिफॉर्म चौदा ओळींसारखा आहे, आतली कविता तुझी आहे तोवर हरकत नाही.

एक घरी करण्यासारखं सांगते, आमच्याकडे छान चालतं. लेकीला एक कागद द्या आणि घरातल्या कुणाही एका माणसाबद्दल दहा गोष्टी लिहायला सांगा. मग ज्या गोष्टी इतर कुणालाही लागू पडतील त्या खोडायला सांगा. प्रेमळ आहे, खोडा. खूप काम करते, खोडा. एका मुलाने आजीबद्दल लिहिलं होतं, खोडत खोडत त्याच्याकडे एकच ओळ उरली: आजी रोज चहा बशीत ओतून पिते पण पाहुणे आले की कपाने पिते आणि ते गेल्यावर परत बशीत थोडा घेते. तो म्हणाला, मावशी, आजी 'इट'च्या ताब्यात गेली ना, तर मी तिला बशी दाखवीन. त्याला पुस्तक कळलं होतं. तुमच्या लेकीच्या कागदावर काय उरतं ते बघा, आणि मग तिला तिचा चीटिंगवाला प्रश्न परत विचारा. पटलं नाही तर नको पटू दे, घाई नाही.

आणि सिनेमा आधी दाखवू नका ही कळकळीची विनंती. २०१८ चा डिस्नीचा दिसायला सुंदर आहे, पण त्यात आंट बीस्ट नावाच्या प्राण्याचा सगळा भाग जवळजवळ गेलाय, आणि तो भाग मुलांना फार लागतो. डोळे नसलेला, राखाडी लव असलेला तो प्राणी कॅमाझॉट्सवरून सुटून आलेल्या, गारठलेल्या मेगला कुशीत घेतो आणि ती त्याला प्रकाश म्हणजे काय हे समजावूच शकत नाही, कारण त्याला बघणं ही गोष्टच माहीत नसते. एकमेकांसारखं त्यांच्यात काहीच नाही आणि तरी ती त्याच्या कुशीत बरी होते.

शेवटी एकच, तिला ते अगदी शेवटचं पान वाचून दाखवा, मोठ्याने. मेग आणि चार्ल्स कुठे येऊन पडतात, तर त्यांच्या जुळ्या भावांच्या भाजीच्या वाफ्यात, ब्रोकोलीवर. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि त्या तिघी बायका सांगायला लागतात की आम्हाला आता काहीतरी करायचंय, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत वाऱ्याची एक झुळूक येते आणि त्या तिथे नसतात.